काठाविना टोपल्या

गोआना क्रीक,
१२ मे

ती. थोरल्या आईस,
नोलीनचा सा. न.

आईला जाऊन महिना होत आला. गेलेल्याचं नाव घ्यायचं नाही, रूप बघायचं नाही, म्हणून तिचं नाव कुणी घेत नाही. घरातले तिचे फोटो आम्ही आपल्या रीतीप्रमाणे बांधून ठेवले. मी शिकवते त्या वर्गातले राहिलेत. ती केवड्याच्या पातींची टोपली विणताना शाळेच्या कॅमेऱ्यावर मीच काढलेले. भिंतीवर मोठे करून दाखवले की मुली बघून बघून एकेक वेढा घालायच्या. फोटो बंद केल्यापासून टोपल्या अडल्यात. काठ वळवणं मला येत नाही, तुला ठाऊकच आहे.

हेडमास्तर मनाने भले आहेत. म्हणाले, कॉम्प्युटरवर चेहरा कापू, नुसते हात ठेवू. चालेल का ते तू सांग.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी नोलीन

डार्विन,
२० मे

चि. नोलीनला अ. आ.

हेडमास्तरांना सांग, चेहरा कापला म्हणून फोटोतून माणूस जात नाही. माझ्या धाकट्या बहिणीचे हात वस्तीत कोण ओळखणार नाही? आम्ही थोरले सांगू तेव्हाच ते फोटो उघडायचे.

तुझी टोपली म्हणजे मासे गळायची सोय, हे मी लहानपणापासून बघतेय. मीच आले असते, पण रक्त धुण्याच्या मशीनला दिवसाआड बांधलेली असते. म्हणून इथल्या नर्सला मोबाइल धरायला लावून काठ वळवताना माझ्याच हातांचे फोटो काढले. शाळेच्या मेलवर पाठवलेत. काठ नीट दिसतोय. मशीनची सुई टोचतात तो हात दुखतो म्हणून वीण सैल आहे, हसू नका.

जेवत जा. मला विसरू नकोस.
तुझी थोरली आई

गोआना क्रीक,
३ जून

ती. थोरल्या आईस,
सा. न.

फोटो मिळाले. पहिलाच भिंतीवर उजळला आणि मुलींनी माना खाली घातल्या. मेरिलने तर डोळे झाकून घेतले. मी सांगितलं, हे थोरल्या आईचे हात, ती डार्विनला आहे, बरी आहे. हेडमास्तरांनी तुझ्या मनगटावरची, तुझं नाव लिहिलेली हॉस्पिटलची पट्टी मोठी करून दाखवली. मुली म्हणाल्या, असेल. पण वर कुणी बघितलं नाही.

मग मी नीट बघितलं. बोटं आईचीच. पात दाबताना अंगठा वळतो, तोही तसाच. मीच पडदा बंद केला.

टोपल्या काठाविनाच कपाटावर ठेवल्यात. तुझे फोटो पुसायला हात धजला नाही आणि वेगळे ठेवायचे कुठे तेही कळेना. शेवटी आईच्या फोटोंबरोबरच बंद केले. तू असताना. रागावू नकोस.

दोन ओळी लगेच लिही, म्हणजे तू आहेस एवढं कळेल.
तुझी नोलीन