ट्यूबची तिसरी घडी

रिहे, २४ नोव्हेंबर २०२५

ती. हेमाताईस जुईलीचा सा. न. वि. वि.

फोनवर बोलताना आई कान देऊन शेजारी बसते, म्हणून कामावर जाताना हे पत्र पिरंगुटला टपालात टाकते आहे. माझ्या मलमात घरातलं कोणीतरी लुडबुड करतंय. हसू नकोस.

मुरमांच्या गोळ्या जूनमध्ये संपल्या, गालांवरच्या गाठी बसल्या. तरी डॉक्टर म्हणाल्या, पुरळ गेलं म्हणजे आजार गेला असं नाही; निदान वर्षभर झोपण्यापूर्वी वाटाण्याएवढं मलम सगळ्या चेहऱ्याला लावायचं. मी एक दिवस चुकवलेला नाही. पण गेले तीन आठवडे ते नेहमीसारखं चुरचुरत नाही, आणि हनुवटीवर दोन गाठी ठणकताहेत. ट्यूबच्या शेपटाला दोन घड्या होत्या, आता तीन आहेत. मी पेनाने केलेली खूण घडीच्या आत गेली आहे.

संशय स्नेहलवहिनीवर आहे. जुईचं तोंड म्हणजे औषधाचं दुकान, असं ती मागे म्हणाली होती. सात तारखेला अमोघकडचे बघायला येणार. तोवर चेहरा पहिल्यासारखा गाठींनी भरला तर?

लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नकोस.
तुझी जुई

ताम्हिणी, २८ नोव्हेंबर

चि. जुईस अनेक आशीर्वाद.

साय कोणी खाल्ली हे शोधायला तू लहानपणी सगळ्यांची बोटं हुंगायचीस. आता ट्यूब हुंग. वहिनी तोंडाने फटकळ आहे, पण लपूनछपून काही करायची नाही. मला खटकतंय ते वेगळंच. मलम सोडलं तर चालतं का, असं आईने मला गेल्या महिन्यात दोनदा विचारलं होतं. नवी ट्यूब घे आणि कामावर नेतेस त्या पिशवीत ठेव. खात्री होईपर्यंत कोणावर आळ घेऊ नकोस.

माया आहे तशीच राहू दे.
हेमाताई

रिहे, ८ डिसेंबर

ती. ताईस सा. न.

हुंगली. कोरफड निघाली.

आईनेच केलं. मुलीला काही औषध चालू नाही ना, असं अमोघच्या आईने फोनवर विचारलं, तेव्हा हिने कुलदैवताची शपथ घेऊन नाही म्हणून सांगितलं. मग शपथ खोटी पडू नये म्हणून ट्यूबचं शेपूट उघडलं, मलम काढून टाकलं आणि गर भरला. खोटं बोलू नये हे आपल्याला तिनेच शिकवलं. स्वतः बोलून गेली, तर ते खरं करायला बसली. जिवावर लई आलं पन तोंडातनं गेलं हुतं, असं म्हणत रडली.

काल पोहे ठेवले आणि मी नवी ट्यूब पुढे करून सगळं सांगितलं. औषध चालू आहे, किती दिवस ते डॉक्टर ठरवतील, आणि मूल हवं असेल तेव्हा आधी त्यांना विचारून थांबवावं लागेल. अमोघच्या आईने बशी सरकवली, ही फसवणूक झाली म्हणाल्या. औषधाची एवढी चौकशी करणाऱ्यांच्या घरात काय असेल, हा संशय मला आठवडाभर कुरतडत होता. मी अमोघलाच विचारलं, तुम्हाला काय चालू आहे.

तो आईकडे बघत राहिला. मग म्हणाला, फिट्सची गोळी, बारा वर्षं. चार वर्षांत फिट आलेली नाही, पण गोळी थांबवायची नाही. आपल्या आईने डोळे पुसले आणि अमोघच्या आईंना विचारलं, तुमी बी शपथ घेतली हुती का.

होकार कोणीच दिलेला नाही. जाताना त्याने मलमाची वेळ विचारली. त्याची गोळीही त्याच वेळची आहे. एवढ्यावर मी भाळणार नाही. माझे डॉक्टरांचे कागद त्याला दिले, त्याचे मागितले आहेत. ते आले की मग बघू.

कृपादृष्टी ठेव.
तुझी जुई