रुजू

प्रोग्राममधल्या पडताळणीच्या चार ओळी मी खोडत होतो, नाना, आणि पॅकिंगचा मुकादम माझ्या खुर्चीमागं उभा राहून घाई करत होता. "भिया, तुमारी रुजू काकी आज फिर लेट! लेबल कब छपेंगे?" देवासच्या त्या औषध कारखान्यातला कॉम्प्युटर एकाच डिस्कवर लिहायचा, डिस्क गेली की सगळं जायचं. म्हणून डिस्कवर लिहिणारा छोटा प्रोग्राम, ड्रायव्हर, मी बदलला होता. प्रत्येक नोंद दोन डिस्कांवर जायची, मग दोन्हीकडून वाचून ताडली जायची, आणि जुळली की पडद्यावर उमटायचं : रुजू. शब्द तुमचा. तिथल्या माणसांना ते बाईचं नाव वाटायचं. ताडण्यात वेळ जात होता. मी ताडणं काढलं. शब्द राहू दिला.

धारच्या कचेरीत तुम्ही कागदपत्रांच्या नकला करायचात. कॉलेजच्या सुटीत मी तुमच्यासमोर बसलो आहे. तुम्ही मूळ कागद वाचता, मी नकलेवर बोट ठेवून ओळीओळीला "रुजू" म्हणतो. नालछ्याचा एक माणूस बाकावर नकलेसाठी थांबला आहे. एका ओळीला मी न बघताच रुजू म्हणालो. तुम्ही थांबलात, माझं बोट उचलून एक ओळ वर ठेवलंत. "नक्कल चुकली तर दुसरी करता येते. तू रुजू म्हटलंस की मी पुढं जातो. मागं कोण बघणार?" त्या माणसाला उद्या या म्हणालात आणि नक्कल पहिल्यापासून वाचायला घेतलीत. मला तो हट्ट वाटला.

एका शनिवारी पहिली डिस्क बंद पडली. दुसरीवर काम सुरू झालं; मुकादमानं माझ्याकडं पेढे मागितले. संध्याकाळी मी यादी पाहिली. तापाच्या औषधाची एक खेप, आधी पास झालेली, नंतर फेरतपासणीत बाद ठरलेली, यादीत पासच दिसत होती. दुसरी डिस्क कित्येक दिवस काही लिहीतच नव्हती. ती मला नुसतं हो म्हणत होती, आणि मी सगळ्यांना रुजू. गोदामाची किल्ली मुकादमाकडं असायची. त्याचं घर माझ्या वाटेवर होतं. सोमवारी जाऊन नीट करू, असं म्हणून मी त्याच्या दारावरून पुढं गेलो आणि धारची बस धरली.

रविवारी जेवताना तुम्ही विचारलंत, "काम रुजू आहे ना?" तुम्हाला तेव्हा फारसं दिसत नव्हतं. मी ताटातून मान वर न करता "रुजू" म्हणालो. तुम्ही पुढचा घास घेतलात.

चौकशीत मी डिस्क बिघडली एवढंच लिहून दिलं. त्या चार ओळींबद्दल कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तुम्हालाही नाही, नंतर तुम्ही बरीच वर्षं होतात. आता हे लिहून झाल्यावर बोट ठेवून पहिल्यापासून वाचलं. समोर वाचणारं कुणी नव्हतं.

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवासला पोचलो, तेव्हा मुकादम फाटकाशी चहा पीत होता. "वो बुखारवाला माल तो निकल गिया, भिया, बदनावर की तरफ," तो म्हणाला. "स्क्रीन पे रुजू था."