बाहेरची कडी

आबा,

आम्ही घर घेतोय. चौसष्टाव्या वर्षी तुमच्या लेकीला स्वतःचं पहिलं घर निवडायचं आहे, आणि गेले आठ-दहा दिवस माझं कशातच लक्ष नाही. कढई ठेवते, तेल ओतते, आणि गॅस पेटवलाच नाही हे नंतर कळतं. नर्सची नोकरी होती तोवर उपकेंद्राच्या क्वार्टरमध्ये राहिले, मग बीडला भाड्यानं, दुसऱ्या मजल्यावर. तुम्ही तर दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघायचात, ते पावसाळ्यापर्यंत आज या शिवारात, उद्या त्या. घर कसं निवडतात हे आपल्यात कुणी कुणाला शिकवलंच नाही. मुक्कामाची जागा निवडताना मात्र मी तुम्हाला पाहिलंय. पायानं माती उकरायचात, वारा कुठून येतो ते बघायचात, पाणी किती लांब आहे ते विचारायचात, आणि आई डोक्यावरचं ओझं तसंच धरून उभी असायची. तुम्ही मान हलवलीत की ती ओझं खाली ठेवायची. मला अशी मान हलवता येत नाही, आबा. मी हो म्हणून आले आहे आणि तरी रोज सकाळी उठून परत तेच ठरवत बसते.

तुमचे जावई आता विसरतात. तीस वर्षं गणित शिकवलं त्या माणसानं. आता दहा वाजले की पिशवी खांद्याला लावतात आणि जिना उतरायला लागतात, शाळेला उशीर होतोय म्हणून. मी मागून पळते, गुडघा धरत. एकदा मी दळण आणायला गेलते, तेवढ्यात ते बस स्टँडवर जाऊन पाटोद्याच्या गाडीत बसले. कंडक्टर त्यांचाच विद्यार्थी निघाला म्हणून फोन आला. "बाई, सर गाडीत हायेत. तिकीट मागितलं तर मलाच पाढे विचारायलेत," म्हणाला. मी हसले आणि फोन ठेवल्यावर तिथंच पिठाच्या डब्यावर बसून राहिले. तुमच्या नातवाला, माझ्या लेकाला, हे कळलं तसं त्यानं पुण्याहून मनावर घेतलं. बीडच्या बाहेर, लिंबागणेशच्या बाजूला, म्हाताऱ्या माणसांसाठी म्हणून नवी वसाहत होते आहे, ती त्यानं मोबाइलवर शोधली, सुट्टी काढून आला आणि आम्हा दोघांना गाडीत घालून तिकडे घेऊन गेला.

सगळी घरं बैठी आहेत, आबा, एकसारखी, पांढरी. दाराला उंबरा नाही, चाकाची खुर्ची सरळ आत यावी म्हणून. न्हाणीघरात धरायला स्टीलचे दांडे, पलंगाशेजारी घंटेचं बटण, आणि मधोमध चालायला फरशीची वाट. दाखवणारी मुलगी घाटनांदूरची होती. आधी पुस्तकातल्यासारखं बोलत होती, "आपल्या वयोगटाच्या गरजा लक्षात घेऊन" वगैरे. मी घंटेचं बटण दाबून बघितलं. वाजलं नाही. "लाइन जोडली की वाजणार, मावशी," ती घाईनं म्हणाली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागचं माळरान दिसत होतं. कुंपणाची भिंत तिकडे अजून अर्धीच होती. नातू ओट्याची उंची मोजत होता, मी कपाटं उघडून बघत होते, आणि त्या मुलीचा एकदम आवाज चढला, "मावशी, काका कुठं गेले वो? आत्ता तर हितंच होते."

आम्ही तिघं तीन दिशांना धावलो. नातू गेटकडे गेला. मी मागच्या बाजूला, वाळूचे ढीग ओलांडत, नाव घेऊन हाका मारत. आयुष्यात मी त्यांना नावानं हाक मारली नव्हती, त्या दिवशी मारली. अर्धवट भिंतीच्या पलीकडे, बाभळीच्या सावलीत, बांधकामावरच्या दोन बाया जेवायला बसल्या होत्या आणि त्यांच्या मध्ये हे. हातावर भाकरी, भाकरीवर ठेचा. त्यातली मोठी बाई मला म्हणाली, "आमाला विचारलं, शाळा कुठंय. म्या म्हणलं, शाळा सुटली, सर. कामून फिरायलाव उन्हाचं? बसा, भाकर खा." हे माझ्याकडे बघून गंभीरपणे म्हणाले, "या बाईंची मुलगी सातवीत आहे. अपूर्णांक कच्चे आहेत तिचे." कित्येक महिन्यांत मी त्यांचा चेहरा असा शांत पाहिला नव्हता. मला तिथंच बसावंसं वाटलं. पण नातू धापा टाकत आला, बापाच्या दंडाला धरून उठवलं, आणि मला म्हणाला, "आई, बघितलंस ना? ही भिंत पूर्ण झाली, गेटवर वॉचमन बसला, की हा विषयच संपला. इथंच घेऊ."

परत येताना ती घाटनांदूरची मुलगी माझ्या बाजूनं चालत होती. घाबरली होती बिचारी, पुस्तकातली भाषा गळून पडली होती. हळूच म्हणाली, "मावशी, दाराला बाहेरून कडी पाहिजे असंल तर तसं सांगा. नकाशात न्हाई, पण बसवून देतो आमी. लई जण मागत्यात."

"कोण मागतं?" मी विचारलं.

"घरचेच."

मी तिथंच वाळूच्या ढिगावर बसले, आबा. तिला वाटलं ऊन लागलं. पाण्याची बाटली आणून दिली.

तुम्ही माझ्याकडे पाटोद्याजवळच्या क्वार्टरवर आलात तेव्हा आईला जाऊन वर्ष झालं होतं. मेंढरं भावानं विकली होती. तुम्हाला नीट दिसत नव्हतं, तरी सकाळ झाली की काठी घेऊन कळप शोधायला निघायचात. एक दिवस डांबरी रस्त्याच्या मधोमध उभे राहिलात आणि ट्रकवाल्यानं कसाबसा ब्रेक मारला. त्यानं तुम्हाला हाताला धरून उपकेंद्रावर आणलं, सगळ्या पेशंटसमोर मला म्हणाला, "सिस्टर, म्हातारं सांभाळा की. माझ्या हातून मेलं असतं." दुसऱ्या दिवशी मी सुताराला बोलावून दाराला बाहेरून कडी बसवली. आत पाण्याची कळशी, भाकरी, दूध, सगळं ठेवायचे, आणि कडी लावून लसीकरणाला, वाड्या-वस्त्यांवर जायचे. चार दिवस तुम्ही काही बोलला नाहीत. पाचव्या दिवशी मी कडी काढते आहे, दार आत ढकलते आहे, आणि तुम्ही दाराला पाठ लावून जमिनीवर बसला आहात. उठलासुद्धा नाहीत. बसल्या बसल्याच म्हणालात, "पोरी, मेंढरं म्या बी जाळीत कोंडितो. पण कोंडून निघून जात न्हाई. जाळीपाशीच निजतो."

मी म्हणाले, "मला नोकरी आहे, आबा. मी काय करू?"

तुम्ही म्हणालात, "खरं हाय." एवढंच. चिडला असतात तर मीही भांडले असते. तुम्ही मला खरी ठरवलंत, आणि दुसऱ्या दिवशी मी परत कडी लावली.

तुमचे जावई तेव्हा पलीकडच्या गावच्या शाळेवर होते. शाळा सुटली की सायकल मारत यायचे, आवाज न करता कडी काढायचे आणि तुम्हाला ओढ्यापर्यंत फिरवून आणायचे. मी परतायचे तेव्हा तुम्ही दोघं काळोख पडता पडता येताना दिसायचात, तुमचा हात त्यांच्या खांद्यावर. कडीबद्दल ते मला कधी एक शब्द बोलले नाहीत. त्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात, माझ्या मांडीवर. गावातल्या बाया म्हणाल्या, लेकीनं लई केलं. मी ते ऐकून घेतलं. आणि आता त्याच माणसासाठी कडी बसवून देतो म्हणत होती ती मुलगी, ज्यानं तुमची कडी रोज काढली.

दोन घरं शिल्लक होती. एक मागच्या भिंतीला लागून, शांत, दवाखान्याची खोली शेजारीच. नातवाला तेच हवं होतं. दुसरं गेटजवळ, रस्त्याच्या आवाजात. मी त्या मुलीला विचारलं, "वॉचमननं यांना अडवलं तर पुढं काय करतो?"

"घरी फोन करतो."

"आणि मी आले तर? आम्हा दोघांना बाहेर सोडतो का?"

ती हसली. "का न्हाई सोडणार, मावशी? कैदी थोडेच हायेत."

मी गेटजवळचं घर घेतलं. कडी नको म्हणून सांगितलं, फॉर्मवर तसं लिहायला लावलं. फाट्यावर चहाला थांबलो तेव्हा नातू फुटला. "तुझा गुडघा बघ. तुझं बीपी बघ. त्यांच्यामागं किती दिवस चालशील तू?" त्याचे डोळे भरले होते. तो चुकीचं बोलत नव्हता, आबा. मी यांचा चहा बशीत ओतून निववत राहिले. त्या दिवसापासून मी दहाच्या ठोक्याला चप्पल घालते, यांच्या खांद्याला पिशवी लावते आणि आम्ही दोघं चौकापलीकडच्या शाळेपर्यंत चालत जातो. गेटपाशी उभं राहून ते मुलांची प्रार्थना ऐकतात, मग आपणच म्हणतात, "चला, झाली शाळा." येताना दोनदा मला पायरीवर टेकावं लागतं. दिवाळीनंतर नवीन घराची किल्ली मिळेल. तिथून जवळ शाळा नाही, नुसता रस्ता आहे. तिथं कुठवर चालायचं हे मला माहीत नाही.

आणि गेट, वॉचमन, माझा गुडघा, कशाचीच मला एवढी भीती वाटत नाही, जेवढी माझी स्वतःची वाटते. तुम्हाला नोकरीचं सांगितलं होतं ना मी? रविवारी मला नोकरी नसायची. हे मुलांना घेऊन त्यांच्या आईकडे जायचे आणि घरात आपण दोघंच. तेव्हाही मी कडी लावायचे. बाजारातून येते म्हणायचे आणि बाजारात जायचेच नाही. उपकेंद्राच्या मागच्या ओट्यावर एकटी बसायचे, तासभर, कधी दोन तास. काही करायचे नाही. कुणी हाक मारू नये एवढंच हवं असायचं. तिथून आपल्या खोलीचं दार दिसायचं. तुम्ही आतून ते हलवून बघायचात, तेही ऐकू यायचं. मी उठायचे नाही.

भावाची, पाहुण्यांची, तुम्हाला आलेली सगळी पत्रं मीच वाचून दाखवायचे. तुम्ही डोळे मिटून ऐकायचात आणि संपलं की म्हणायचात, "अजून काय लिवलंय?" हे पत्र तुमच्यासमोर वाचायची वेळ आली असती, तर रविवारचं मी गाळलं असतं.