घराकडे तोंड केलेले भोपळे

एल्म फोर्क, विस्कॉन्सिन
२१ सप्टेंबर

आदरणीय मर्टलताई,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे व्हर्जिलचा, नमस्कार. तुमचा गुडघा आणि तुमचं मांजर दोन्ही बरी असावीत. (मांजराची चौकशी ओपलनं करायला लावली. त्याचं-माझं कधी पटलं नाही.) आमच्याकडे मात्र बरं नाही. ओपलला इस्पितळातून घरी आणलंय, पलंग पुढच्या खोलीत खिडकीशी लावलाय, आणि डॉक्टर आता औषध बदलत नाहीत, नुसतं मला जेवलात का म्हणून विचारतात.

तर यंदा दारातले भोपळे मी मांडले. एकेचाळीस वर्षं हे खातं तिचं. मी फक्त ओझी उचलायची आणि बोलणी खायची. मक्याची वाळलेली ताटं, शेवंतीच्या कुंड्या इथपर्यंत मी निभावलं. पण नाक-डोळे काढून भोपळे कोरायचे ते ऑक्टोबरअखेरीस, हॅलोविनच्या सणाआधी दोन-चार दिवस, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि मी ते सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, भर उन्हाळ्यात कोरले. भोपळे विकणारा शेतावरचा हायरम म्हणाला, "व्हर्जिलदादा, अहो, अजून हिरवे आहेत ते!" मी म्हटलं, दे. तिसऱ्या दिवशी त्यांचे गाल बसले, पाचव्या दिवशी बुरशीच्या दाढ्या फुटल्या, आणि माश्या इतक्या की पोस्टमन पत्रं कुंपणावरूनच टाकू लागला. दुसरी खेप ब्लीचच्या पाण्यात बुडवून काढली. (त्यात माझी चर्चची पँट गेली.) ती खेप हरणांनी खाल्ली, ब्लीचसकट. समोरच्या ग्लॅडिसबाई रस्त्यापलीकडून ओरडल्या, "नाताळचं झाडही आजच आण की रे!" मी त्यांना काय म्हणालो ते इथं लिहीत नाही.

तिसरी खेप टिकली, पण भोपळ्यांची तोंडं रीतीप्रमाणे रस्त्याकडे. ओपलला खिडकीतून दिसल्या नुसत्या पाठी. "सगळे माझ्यावर रुसलेत का रे?" म्हणाली. मग मी एकूण एक भोपळा घराकडे वळवला. आता गावाला पाठी दिसतात, आणि व्हर्जिल भ्रमिष्ट झाला असं गाव म्हणतं. म्हणेना का! ओपल त्या तीन दातवाल्याकडे बघून म्हणाली, "हा तर हुबेहूब तूच." आणि हसली, ताई. हसताना दुखत होतं तरी हसली. मला फार बरं वाटलं, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडलो. (बिया भाजताना धूर झाला, असं तिला सांगितलं.)

इतकी घाई कशाला, असं मला हायरमनं विचारलं, ग्लॅडिसबाईंनी विचारलं, पाद्रीबुवांनीही विचारलं. ओपलनं एकदाही विचारलं नाही.

गुडघ्याला जपा.

तुमचा,
व्हर्जिल

ता. क. ओपल सांगतेय म्हणून लिहितो: तिला पुष्कळ आराम आहे, धावपळ करू नका, नेहमीसारख्या नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला या.

आणखी ता. क. तिला आत्ता झोप लागलीय. नोव्हेंबरची वाट बघू नका. येत्या शनिवारी या, मी बसथांब्यावर उभा राहीन. मी बोलावलं असं म्हणू नका, सहज भोपळे बघायला आले म्हणा. ती काही विचारणार नाही.