नळी कुठून घालायची

आई, कोणी इंग्रजीत फसवू नये म्हणून तू मला कॉन्व्हेंटमध्ये घातलंस. आता डॉक्टर सगळं इंग्रजीत सांगतात, मला शब्दन्‌शब्द कळतो आणि संशय तेवढाच वाढतो. तुझ्या जावयांना पॅरालिसिसचा झटका आला, गिळता येत नाही. महिना होत आला, नाकातून नळी घालून दूध-पेज देतात. हे ती ओढून काढतात, म्हणून त्यांचा एकुलता एक चालता हात खाटेला बांधलाय. मेंदूचे डॉक्टर म्हणतात, नाकातलीच राहू द्या, गिळणं परत येईल. पोटाचे म्हणतात, तोंडातून दुर्बीण घालून पोटाला बारीक भोक पाडू, नळी थेट आत, हात मोकळा. एक्स-रेवाले म्हणतात, दुर्बीण कशाला, आम्ही पडद्यावर बघून बाहेरूनच घालतो. सर्जनना यांच्या जुन्या अल्सरच्या ऑपरेशनची काळजी, तेव्हा पोट उघडूनच बरं. पोट एकच, पण ज्याच्या हातात जे हत्यार तेच त्याला शहाणपणाचं वाटतं. तुम्ही चौघं कधी एका खोलीत बसता का, असं मी सर्जनना विचारलं. नर्स हसली, डॉक्टर हसले नाहीत.

मग तू आठवलीस. शिरवण्याच्या बाजारात तू कोळणीसमोर उभी आहेस, दोन पापलेटं उचलून विचारतेस, "यातलं तू घरी कुठलं नेशील?" ती म्हणते, "दोनी ताजीच हायत गो." तू उत्तर ऐकतच नाहीस, तिचं तोंड बघतेस आणि पुढे चालू लागतेस.

मी चौघांनाही तेच विचारलं, तुमच्या घरचं माणूस असतं तर? तिघांनी तयार उत्तर दिलं. पोटाचे डॉक्टर मात्र पेनाचं टोपण लावत बसले. मग म्हणाले, "मावशी, माझ्या आईला नाकातलीच ठेवली होती. शेवटपर्यंत तिचे हात बांधलेले होते." माझ्याकडे न बघता म्हणाले. मी त्यांच्याच कागदावर सही केली.

आज यांचा हात सोडला. त्यांनी आधी नाक खाजवलं, सावकाश, पोटभर. मग माझ्या पदराचं टोक धरून ठेवलं.

हे तुला पाठवायचं कुठे? पण एक सांगून टाकते. त्या डॉक्टरच्या आईची गोष्ट खरी, की सगळ्यांना हेच सांगतो, हे नर्सला विचारायचं मी ठरवलं होतं. ती दोनदा समोर आली. मी विचारलं नाही.