चहातून तपासलेलं पाणी

दि. ६, शुक्रवार

ती. आईस,

सा. न. वि. वि. पत्र वाचून दाखवणाऱ्या शिंपीकाकांनाही नमस्कार. त्यांनी कृपया मध्ये स्वतःचं काही घालू नये.

मागच्या पत्रात माझी चूक झाली. गिरणीच्या खोल्यांजवळच्या हापशाचं पाणी आरोग्य समितीचे पाचही सभासद माझ्या डोळ्यांदेखत प्याले, असं मी लिहिलं होतं. ते खरं नाही. मी शेजारच्या खोलीत इतिवृत्ताची नक्कल करत होते. पाहिले ते फक्त रिकामे कप. आणि पाण्याला कप कशाला, हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. काल शिपाईमामांनी सांगितलं, की साहेबांपुढे नुसतं पाणी ठेवणं बरं दिसत नाही, म्हणून समिती सात वर्षं ते चहा करूनच तपासते. मामा ते फडक्यातून गाळतात, खळखळा उकळतात, वर आलं किसून घालतात. मग ठराव होतो, ‘पाणी रुचकर व निर्दोष.’ मागच्या खेपेला एका सभासदांनी पाण्यात साखर कमी असल्याची तक्रार केली आणि मी ती सुवाच्य अक्षरात नोंदवलीसुद्धा.

हापशापासून वीस पावलांवर संडास आहेत, आणि रंगखात्याचं गटार तर त्याला खेटूनच. त्या खोल्यांत महिन्याभरात चार मुलं जुलाबांनी गेली. समितीने कारण लिहिलं, आयांचा निष्काळजीपणा. समितीचे अध्यक्ष गिरणीचे मालकच आहेत. तेव्हा ताईला आणि तिच्या तान्हीला इकडे पाठवू नकोस.

तुझी काळजी वाढवणारी,
धाकटी

दि. १०, मंगळवार

चि. कारकूनबाईंस अ. उ. आ.

पत्र पोचलं, पण उशीर झाला गं. तुझ्या आधीच्या पत्रावर विसंबून जावईबापूंनी गिरणीत नोकरी धरली, इथली खोली सोडली. रविवारी, बावीस तारखेला निघणार. नवं पत्र ऐकवलं तर हसले. म्हणाले, ही लहानपणी दाराची कडी तीनतीनदा बघायची, तिचं काय मनावर घ्यायचं! पाच मोठी माणसं म्हणतात पाणी चांगलं, त्यांनीच ठराव फिरवला तर मुक्काम हलवीन. आपल्या घरात लिहायला शिकलेली पहिली तू. तुझं लिहिलेलं सगळी गल्ली खरं मानते, पण खोडलेलं कुणी मानत नाही.

(हे माझ्या पदरचं, मी शिंपी. जावई म्हणाले, मग आम्हीही चहाच पिऊ. मी विचारलं, आणि तान्ही? तेव्हा चप्पल शोधायला लागले.)

जेवत जा वेळेवर.

तुझी आई

दि. १४, शनिवार

ती. आईस सा. न.

शिंपीकाकांना यावेळी माफ केलं.

मी अध्यक्षांना भेटले. इतिवृत्त दुरुस्त करा म्हटलं. ते प्रेमाने म्हणाले, की मंजूर झालेलं इतिवृत्त चुकीचं असूच शकत नाही, आणि मुलींनी इतकं जिवाला लावून घेऊ नये, रंग उतरतो. माझ्या अर्जावर त्यांनी तत्काळ कार्यवाही केली: पुढच्या सभेपासून चहाबरोबर बिस्किटं.

आता ठरलं आहे. सभेच्या दिवशी शिपाईमामांची कंबर धरणार आहे. तसं त्यांनी मला आधीच कळवलं आहे. पाणी मी आणीन. काचेचे पाच पेले, स्टोव्ह पेटवायचा नाही. फसवणूक मात्र करणार नाही. हे न उकळलेलं आहे, हे आधी सांगेन, मग त्या चार मुलांची वयं वाचीन, आणि कोण प्यालं, कोण नाही, ते प्रत्येकाच्या नावापुढे लिहीन. कुणीच प्यालं नाही, तर रुचकर-निर्दोषचा ठराव कोणत्या तोंडाने ठेवतील? नक्कल त्याच संध्याकाळच्या टपालाने टाकीन. शनिवारी भावोजींच्या हातात पडेल.

नोकरी जाईल, असं मामा म्हणतात. मला भीती आहे ती निराळीच. अध्यक्ष हट्टाला पेटून खरंच प्याले तर? म्हणून पेला त्यांच्या हाताला लागेल पण माझ्याही हाताला लागेल, इतपतच लांब ठेवीन.

चूक माझी होती. माया त्यामुळे कमी करू नकोस. ताईला सांग, शनिवारच्या टपालाआधी सामान बांधू नये. सभा गुरुवारी आहे, एकोणीस तारखेला, दुपारी चार वाजता.

तुझी,
धाकटी