भामाबाईंनी भोंगा तपासला

खरातवस्ती, ता. आटपाडी
५ ऑगस्ट २०२४

चि. सौ. मंगल हिस मल्हारदादाचे अ. उ. आ.

मनोरा मी उभा केला, बोअरच्या जुन्या अडीच इंची पाइपांचा. वेल्डिंग माझं, ताणाच्या तारा माझ्या. आवाज भरायची खोली मी बांधली आणि आतून भिंतींना घोंगडी ठोकली, म्हणून तिथं आवाज घुमत नाही. टेबलं माझी, बाभळीची. संगणक भंगारातले, उघडून चालू केले ते मी. नेट ओढणारी तबकडी तेवढी विकतची, पण तिचा कोनही मीच धरला. बसवायला आलेल्याचा चुकला होता. दाजींना म्हणावं, कंपनीच्या साहेबांना हे याच क्रमानं सांगा.

दाजींनी आणलेली ती नेटची कंपनी आपलं केंद्र विकत घेऊ बघते म्हणे. ऐकून घेईन. बॅटऱ्यांनी दम सोडलाय, वीज गेली की नेट जातं, आणि नेमकी तीच वेळ बायकांच्या वर्गाची. दिवाळीनंतर वस्तीवरचे गडी मेंढरं घेऊन पश्चिमेला जातील. त्याआधी मागं राहणाऱ्या प्रत्येक बाईला आजारी मेंढराचा फोटो डॉक्टरला धाडता आला पाहिजे, घरबसल्या पैसे पाठवता आले पाहिजेत आणि भोंग्यावरून गावाला बातमी देता आली पाहिजे. त्यात तडजोड नाही.

फोनवर तू मला मध्येच तोडतेस, म्हणून कागदावर लिहिलं. लोभ वाढव असं म्हणत नाही, आधीच लय वाढलाय.

तुझा दादा,
मल्हार


विश्रामबाग, सांगली
१२ ऑगस्ट २०२४

ती. स्व. दादास मंगलचा शि. सा. न. वि. वि.

सोबत राखी आहे. गावाला नेट वाटणारा माणूस बहिणीला टपालानं पत्र धाडतो, हे ऐकून शेजारीण म्हणाली, तुमचे दादा गमतीशीर दिसतात. मी म्हटलं, गमतीशीर न्हाईत, हेकट हायत.

रविवारी साहेब येतील तेव्हा दमानं घे. त्यांचं बोलणं दुरुस्त करू नकोस. पाइप दोन इंची म्हणाले तर म्हणू देत. इस्त्रीचा सदरा घाल. तुझ्या वर्गातल्या भामाबाईंना भोंग्यावर बोलायला लाव, त्यांचा आवाज खणखणीत आहे.

ह्यांना या व्यवहारात काय दिसतं ते ह्यांना ठाऊक. माझा स्वार्थ वेगळा. पन्नाशी उलटली तरी तू मनोऱ्यावर चढतोस, आणि खाली वहिनी देवाचं नाव घेत उभ्या राहतात. कंपनी चढायला माणूस ठेवेल. तू पडलास तर तुझा तो कोन घेऊन आम्ही काय करायचं?

रागावलास तरी उत्तराच्या दोन ओळी कमी करू नकोस.

तुझी,
मंगल


खरातवस्ती
२० ऑगस्ट २०२४

चि. सौ. मंगल हिस अ. उ. आ.

राखी बांधली. सदराही इस्त्रीचाच होता. दाजी इथून चहा न घेता गेले, त्याचं कारण माझ्याकडून ऐक.

भामाबाईंना मी शिकवलं होतं की आधी माईक तपासायचा, म्हणजे आपलं रोजचं काहीतरी बोलायचं, मग नमस्कार. आता भामाबाई रोज काय बोलतात? त्यांनी घसा साफ केला आणि मेंढरांना साद घातली, सांजेला घालतात तशी, पोटातून. भोंग्याचं तोंड माळाकडं. माळावर धूळ उठली. सगळ्या वस्तीची मेंढरं खाली उतरली, मागून राखणीवरचा हरिबा बोंबलत. भामाबाईंना खोलीतून दिसेना, त्यांनी आणखी एकदा साद घातली! आवारात पाय ठेवायला जागा उरली नाही. साहेबांच्या गाडीच्या आरशात एका एडक्याला दुसरा एडका दिसला, आणि त्यानं धडक दिली. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. दाजीही हसले, नाही म्हणाले तरी.

साहेब हसले नाहीत. आरसा भरून देतो म्हणालो. ते माझ्याकडं लागूच. पण खोलीत येऊन ते भामाबाईंच्या तोंडावर म्हणाले की असली माणसं मशीनजवळ नकोत. कंपनी आली की संध्याकाळचा वर्ग बंद, आणि पैसे भरेल त्यालाच नेट. भामाबाईंनी हेडफोन काढून ठेवला, पदर पुढं ओढला, म्हणाल्या की माजंच चुकलं, मी आपली मेंढरामागंच बरी. दाजी माझ्या कानाशी लागले, आवं जरा गप ऱ्हावा.

मी गप राहिलो नाही. भामाबाईंना म्हणालो, बसा खाली, चाचणी संपलेली नाही. साहेबांना म्हणालो की आवाज माळाच्या टोकाला पोचला आणि ज्यांना हाक मारली ते झाडून सगळे आले. तुमच्या कंपनीच्या हाकेला एवढे येतात का, सांगा. मग गाडीला वाट करून दिली. म्हणजे भामाबाईंनी दिली. मेंढरं दुसऱ्या कुणाचं ऐकेनात.

बॅटऱ्यांतल्या मेलेल्या काढून टाकल्या. उरल्यात त्यांवर भोंगा आणि एक संगणक चालतो. त्या एकापुढं बायकांची रेटारेटी चालते. काल भामाबाई आल्या नाहीत, तर बाकीच्या जाऊन त्यांना हाताला धरून घेऊन आल्या. वर्ग चालणार. मनोऱ्यावरही मीच चढणार. कमरेला दोर बांधीन, तेवढं तुझं ऐकलं.

दाजींचा राग निवला की दोघं या. माया पातळ करू नकोस.

तुझा दादा,
मल्हार

ता. क. दाजी आकडा सांगायचे नाहीत, म्हणून मी लिहितो. वर्ग बंद करायचा आणि मनोरा, खोली, केंद्राचं नाव देऊन कंपनीकडून एकरकमी घ्यायचे अकरा लाख वीस हजार रुपये. मी नको म्हणालो.